विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी निधी उभारताना: सुरुवात कुंपणाच्या आतून

विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी पैसे मागायला बाहेर पडलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "विद्यापीठ देत नाही का?" आणि तीच मागणी घेऊन विद्यापीठाच्या वित्त विभागात गेलं की ऐकायला मिळतं, "तुम्ही देणगीदार का शोधत नाही?" या दोन दारांच्या मध्ये कितीतरी चांगली संग्रहालयं वर्षानुवर्षं ताटकळत उभी आहेत. स्वतंत्र संग्रहालयाला एकाच बाजूची समजूत घालावी लागते, इथे दोन्ही बाजूंची. म्हणून निधीचं निम्मं काम विद्यापीठाच्या आतच होतं, आणि ते आधी व्हावं लागतं. थेट देणगीदाराच्या भेटीपासून सुरुवात केली, तर होकार मिळाल्यावरही प्रकरण आतल्याच एखाद्या टेबलावर अडून बसतं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी खरा खर्च मांडा

संग्रहालयाला वर्षाला किती खर्च येतो, हे बहुतेक विद्यापीठांत कोणालाच नीट माहीत नसतं. वीज, सुरक्षारक्षक, विमा, छताची दुरुस्ती, इंटरनेट हे सगळं विद्यापीठाच्या सामाईक खात्यांतून जातं. संग्रहालयाच्या नावावर दिसतात ते फक्त दोन-तीन पगार आणि थोडा किरकोळ खर्च. त्यामुळे पहिलं काम एका कागदाचं. डाव्या रकान्यात संग्रहालय स्वतः भरतं ते, उजव्या रकान्यात विद्यापीठ परस्पर भरतं ते. उजवीकडचे आकडे अंदाजे चालतील, पण क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढा आणि इमारत विभागाकडून तपासून घ्या. हा कागद दोन्ही दारांत कामाला येतो. देणगीदाराला दाखवता येतं की विद्यापीठ आपला वाटा उचलतंय, आणि कुलगुरूंना दाखवता येतं की तो वाटा नेमका किती आहे. उद्या त्याला कात्री लागली, तर काय गेलं हेही लेखी राहतं.

मग एकेका कामाचा खर्च काढा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. समजा वनस्पतिशास्त्र विभागाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, १०,००० शीट (वनस्पती चिकटवलेले कागद) आहेत आणि त्यांचं डिजिटायझेशन करायचं आहे. एका शीटचा फोटो काढायला ३ मिनिटं लागतात, म्हणजे ५०० तास, असा हिशेब करून अर्ज जातो आणि तिथेच घात होतो. शीट कपाटातून काढणं, सुटलेली पानं नि बिया पाकिटात घालणं, बारकोड चिकटवणं, रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून फोटो घेणं, जुन्या हस्ताक्षरातली चिठ्ठी वाचून नोंद करणं, ती दुसऱ्याने तपासणं, आणि शीट पुन्हा त्याच फोल्डरमध्ये त्याच जागी ठेवणं, इतकं सगळं त्या एका फोटोमागे असतं. शीट दुसऱ्या इमारतीत नेली असेल, तर परत आणताना ती बंद पिशवीत घालून उणे २० अंशांखाली आठवडाभर गोठवावी लागते, नाहीतर तिच्याबरोबर कीड आत येते. स्वतः १०० शीट घ्या, घड्याळ लावून सगळ्या पायऱ्या करा. सरासरी १२ मिनिटं आली तर काम २,००० तासांचं आहे, म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या कामापेक्षा जास्त. ५०० तासांचे पैसे घेऊन २,००० तासांचं काम कबूल केलेलं संग्रहालय पुढच्या वेळी त्याच देणगीदाराकडे तोंड दाखवू शकत नाही.

मजुरी, साहित्य, यंत्रं यांच्या बेरजेवर देखरेखीचा वेळ आणि साठवणीचा खर्च धरा. डिजिटल फोटोंची साठवण दरवर्षी पैसे मागते, हे हमखास विसरलं जातं. त्यावर १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा.

विद्यापीठाच्या आतले चार करार

पहिला करार विकास कार्यालयाशी, म्हणजे विद्यापीठासाठी देणग्या आणणाऱ्या विभागाशी. मोठे माजी विद्यार्थी आणि उद्योजक यांची नावं या कार्यालयाने वैद्यकीय, अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा विभागांना आधीच वाटून दिलेली असतात. कार्यालयाच्या परवानगीशिवाय यातल्या कोणाला पत्र पाठवलं तर ते पाण्यात राहून माशाशी वैर ठरतं. कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा. दोन-तीन वर्षांत ज्यांच्याशी कोणीच बोललेलं नाही अशा लोकांची यादी. ज्यांचं नातं थेट संग्रहाशी आहे त्यांच्यावर संग्रहालयाचा पहिला हक्क. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: संग्रहालयाला मिळालेली देणगी त्या अधिकाऱ्याच्या वार्षिक उद्दिष्टात मोजली जावी. ती मोजली जात नसेल, तर तो अधिकारी कितीही भला असला तरी त्याचा वेळ तुम्हाला मिळणार नाही. हे मोजमापाचं कलम लेखी नसल्यामुळे जितकी संग्रहालयं अडली आहेत, तितकी चांगल्या आवाहनपत्राच्या अभावी अडलेली नाहीत.

दुसरा करार वित्त विभागाशी. संग्रहालयाने बाहेरून पैसे आणले की पुढच्या अंदाजपत्रकात विद्यापीठ तेवढीच रक्कम कमी करतं, असं होऊ शकतं. देणगीदाराला हे कळलं की तो दुखावतो, आणि ते योग्यच आहे. बाहेरून आलेला निधी विद्यापीठाच्या वाट्याऐवजी वापरला जाणार नाही, त्यात भर म्हणूनच वापरला जाईल, हे एका वाक्यात लिहून सही घ्या. त्याच बैठकीत विचारा, आलेल्या देणगीतून विद्यापीठ प्रशासनापोटी काही टक्के कापून घेतं का. घेत असेल, तर मागणीच्या आकड्यात ते आधीच धरावं लागतं.

तिसरा करार अर्जांचा. विद्यापीठाचं संग्रहालय बहुधा स्वतंत्र कायदेशीर संस्था नसतं. त्याचं वेगळं बँक खातं नसतं, लेखापरीक्षणाचा अहवाल नसतो, आणि अनुदान देणाऱ्या संस्थेला हे कागद हवे असतात. शिवाय अनेक प्रतिष्ठानं एका विद्यापीठाकडून एकच अर्ज घेतात, म्हणजे तुमची पहिली स्पर्धा आपल्याच प्रयोगशाळांशी. संशोधन कार्यालयाकडून वर्षाच्या सुरुवातीलाच अंतर्गत निवडीच्या तारखा मागून घ्या. बाहेरच्या तारखेच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी अर्जाचा कच्चा मसुदा तयार हवा. "संग्रहालयासाठी मित्रमंडळ किंवा वेगळा न्यास काढू" हा मार्ग चांगला वाटतो, पण त्याचा हिशेब, विश्वस्त, वार्षिक सभा सांभाळायला माणूस लागतो. तो नसेल तर त्यात पडू नका.

चौथा करार संग्रहालयातल्या माणसांशी. एकच क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ, वर्ग घेतो, प्रदर्शन मांडतो, पाहुण्यांना फिरवतो, आणि उरलेल्या वेळात निधी बघतो. उरलेला वेळ कधीच उरत नाही. आठवड्याचा एक पूर्ण दिवस वेळापत्रकात बांधून घ्या आणि त्या दिवशी वर्ग लावू देऊ नका.

तुमचे देणगीदार कुठे आहेत

माजी विद्यार्थी विभागाचे असतात, वसतिगृहाचे असतात, खेळाच्या संघाचे असतात. संग्रहालयाचा पदवीधर नावाची गोष्ट नसते. म्हणून यादी स्वतः बांधावी लागते. संग्रहालयात अर्धवेळ काम केलेले विद्यार्थी, नमुने वापरून प्रबंध लिहिलेले संशोधक, निवृत्त प्राध्यापक, स्वयंसेवक, आणि ज्यांनी कधीकाळी वस्तू दिल्या ते लोक.

यातली शेवटची नावं जुन्या नोंदवहीत असतात. आवक नोंदवहीचं कुठलंही पान उघडा: तारीख, अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, कोणाकडून, कशी मिळाली. "कोणाकडून" हा रकाना म्हणजे आयती देणगीदार यादी आहे. आजोबांनी दिलेलं शंखशिंपल्यांचं कपाट अजून जपून ठेवलं आहे आणि दर वर्षी विद्यार्थी त्यावर काम करतात, हे कळलेली नात तुमच्याशी जेवढ्या आस्थेने बोलेल, तेवढं कोणताही अनोळखी उद्योजक बोलणार नाही. फोन करण्याआधी मात्र "कशी मिळाली" हा रकाना नीट वाचा. तिथे "देणगी"ऐवजी "अभ्यासासाठी ठेवण्यास" असं काही लिहिलं असेल, तर ती वस्तू अजून त्या घराण्याची असू शकते. आधी कागदपत्रं तपासा, मगच फोन.

कुलगुरूंना आणि विद्यापीठाच्या मोठ्या देणगीदारांना काय दाखवायचं, हेही इथेच ठरतं. प्रेक्षकसंख्येत शहरातल्या मोठ्या संग्रहालयाशी तुलना मांडू नका, त्यात हार ठरलेली. विद्यापीठाच्या संग्रहालयाचं बळ वेगळं आहे: किती अभ्यासक्रमांचे वर्ग वस्तूंसमोर झाले, किती विद्यार्थ्यांनी नमुना हातात घेतला, किती शोधनिबंधांत आपल्या संग्रहाचा क्रमांक आला, बाहेरच्या किती संशोधकांनी संग्रह पाहिला. वाचन-टेबलाशेजारी एक साधी वही ठेवून हे आजपासून मोजायला लागा. वर्षभराचे आकडे हातात आल्याशिवाय मोठी मागणी करू नका.

न दिसणाऱ्या गोष्टींसाठी पैसे

देणगीदाराला दालन आवडतं, दारावरची पाटी आवडते. संग्रहालय मोडकळीला येतं ते भांडारातली ओल, बंद पडलेलं आर्द्रता नियंत्रक, वस्तूंची डागडुजी आणि जतन करणाऱ्या संवर्धकाचं रिकामं पडलेलं पद यांनी. "आमच्या वीजबिलासाठी द्या" असं म्हणून कोणी देत नाही. त्यामुळे न दिसणारा खर्च दिसणाऱ्याबरोबर बांधावा लागतो. दालनाच्या मागणीतच पुढच्या दहा वर्षांची देखभाल, दिव्यांची बदली आणि मांडणीचं एक नूतनीकरण धरा. एकच एकत्रित आकडा सांगा आणि त्यात काय काय आहे ते खुलेपणाने दाखवा. नंतर वेगळं मागायला गेलात तर मिळत नाही.

छोट्या रकमांसाठी "कपाटातला एक खण दत्तक घ्या" ही पद्धत चांगली चालते, कारण खण मोजता येतो. एका खणाच्या खर्चात आम्लमुक्त खोके, फोमचं अस्तर, नव्या चिठ्ठ्या, कीड-सापळे आणि संवर्धकाचे तास येतात. देणगीदाराला आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा. खण विकत दिला असा समज होऊ नये म्हणून पावतीवर "जतनासाठी" हा शब्द ठसठशीत असू द्या.

कायमनिधीचं, म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवून दर वर्षी थोडाच भाग वापरायच्या निधीचं, गणित मात्र कोणी नीट सांगत नाही. अनेक विद्यापीठं कायमनिधीतून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढू देतात, तेही मागच्या काही वर्षांच्या सरासरी मूल्यावर, म्हणजे मूळ रक्कम महागाईने झिजत नाही आणि बाजार पडला तरी हप्ता एकदम कोसळत नाही. ४ टक्क्यांनी धरलं, तर एका पदाच्या वार्षिक खर्चाच्या २५ पट निधी लागतो. देणगीदार पाच वर्षांचा पगार घेऊन आला आणि "हे पद माझ्या वडिलांच्या नावे कायमचं" म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे आकडा दाखवा. पाच वर्षांचं पद पाच वर्षांचं म्हणूनच घ्या, आणि सहाव्या वर्षी काय होणार हे विद्यापीठाकडून आधी लिहून घ्या.

वस्तूंच्या देणगीलाही हेच लागू. फुकट मिळालेला संग्रह फुकट नसतो, त्याला कपाट, जागा, नोंदणी, कधी विषारी औषधांची तपासणी लागते. जुन्या प्राणी-पक्ष्यांच्या कातड्यांवर आर्सेनिक असू शकतं. वस्तूबरोबर तिच्या सांभाळाचा पैसा मागायला संकोच करू नका. केंब्रिजचं फिट्झविल्यम संग्रहालय उभं राहिलं ते १८१६ च्या मृत्युपत्रामुळे. व्हायकाउंट फिट्झविल्यम यांनी चित्रं आणि ग्रंथसंग्रह दिला, आणि तो ठेवायला इमारत हवी म्हणून १ लाख पौंडांचा निधीही दिला. दोन्ही एकत्र आलं म्हणून संग्रह टिकला.

मागणीचं कोष्टक

एकूण लक्ष्य १०० मानू. ते शंभर जणांकडून एकेक करून जमत नाही, हे गृहीत धरूनच कोष्टक मांडा. २० ची एक देणगी, १० च्या दोन, ५ च्या चार, २ च्या आठ, १ च्या बारा, आणि उरलेले १२ छोट्या रकमांतून. म्हणजे २७ देणग्यांतून ८८ येतात. प्रत्येक देणगीसाठी साधारण चार खरी नावं लागतात, कारण तिघे नाही म्हणतात किंवा कमी देतात. याचा अर्थ १०८ नावं. तुमच्या यादीत ४० च असतील, तर लक्ष्य कमी करा किंवा वर्षभर फक्त यादी वाढवा. वरच्या तीन जागांसाठी एकही नाव सुचत नसेल, तर मोहीम जाहीरच करू नका. जाहीर करण्याआधी निम्म्याहून जास्त रक्कम कबूल झालेली असावी, कारण जमलेल्या रकमेचा शून्यावर थांबलेला फलक बघून लोक मागे सरतात.

छोट्या देणग्यांची जागा कोणती, हे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने २०१२ मध्ये घेतलेल्या, फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या चित्रावरून कळतं. ब्रिटिश सरकारने देशाबाहेर नेणं तात्पुरतं रोखून धरलेलं हे मादमुआझेल क्लाउस यांचं व्यक्तिचित्र विकणाऱ्याला करसवलत देणाऱ्या व्यवहारात बाजारभावाच्या पावाहून थोड्या जास्त किमतीत, ७८.३ लाख पौंडांना मिळालं. त्यातले ५९ लाख हेरिटेज लॉटरी फंडाने (लॉटरीचा पैसा वारसा जतनाला देणारी ब्रिटिश संस्था) आणि ८.५ लाख आर्ट फंडाने (संग्रहालयांना कलाकृती घ्यायला मदत करणारी धर्मादाय संस्था) दिले. उरलेल्या रकमेत दीड पौंड देणारी माणसंही होती. दीड पौंडांनी चित्र येत नाही, पण लोकांना हे हवं आहे याचा पुरावा येतो. म्हणून छोट्यांसाठीचं आवाहन ३० ते ४० दिवसांचं, एकाच वस्तूपुरतं आणि शेवटच्या टप्प्यात ठेवा. भेटवस्तू म्हणून कॉफीचे मग आणि पिशव्या देऊ नका. त्यांच्या छपाईत आणि टपालखर्चातच छोटी देणगी संपते.

भेट

भेटीला दोघांनी जावं, क्युरेटर आणि विकास अधिकारी. शक्यतो देणगीदारालाच भांडारात बोलवा. पाऊण तास पुरतो. पहिली दहा मिनिटं एकाच वस्तूवर द्या, ती वस्तू आधीच टेबलावर काढून ठेवलेली असू द्या. मग अडचण त्याच वस्तूवर दाखवा: कडेला सुटलेला रंग, शेजारच्या आर्द्रतामापकावरचा आकडा. त्यानंतर नेमकी रक्कम आणि नेमका उपयोग सांगा आणि थांबा. आकडा बोलून झाल्यावर शांतता सहन होत नाही म्हणून आपणच "कमीही चालेल" म्हणून मोकळे होतो, आणि तेवढ्याच रकमेला होकार मिळतो. आकडा कोण सांगणार हे आत जाण्याआधीच ठरवा. बोलणं झालं की त्याच दिवशी तारीख, कोण काय म्हणालं, पुढचं पाऊल, कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे तक्त्यात भरा.

करारपत्रात काय हवं

रक्कम, हप्ते आणि उपयोग तर असतातच. जी कलमं राहून जातात ती अशी. मूळ उपयोग अशक्य झाला तर पर्यायी उपयोग कोण ठरवणार. नाव किती वर्षं राहणार, १० किंवा २० किंवा इमारतीचं नूतनीकरण होईपर्यंत. "कायमचं" लिहू नका. देणगीदारामुळे संस्थेच्या नावाला धक्का लागला तर पाटी काढण्याचा अधिकार. आणि वर सांगितलेलं कलम, की विद्यापीठाचा वाटा यामुळे कमी होणार नाही.

पर्यायी उपयोगाचं कलम नसलं की काय होतं, ते अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात दिसलं. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांनी १९४९ मध्ये आपले दिवंगत पती, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातल्या आणि इतर मिळून १०१ कलाकृती दिल्या. अट अशी की विकायच्या नाहीत आणि एकत्र दाखवायच्या. पुढे सांभाळण्याचा खर्च झेपेना, विद्यापीठ विक्रीकडे वळलं, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. शेवटी २०१२ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने ३ कोटी डॉलर देऊन निम्मी मालकी घेतली आणि संग्रह दोन-दोन वर्षं आळीपाळीने ठेवायचं ठरलं. नावाच्या बाबतीत, ऑक्सफर्डने २०२३ मध्ये सॅकलर या देणगीदार घराण्याचं (त्यांच्या कंपनीच्या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधामुळे ते वादात सापडलं होतं) नाव अ‍ॅशमोलियनच्या दालनांसह आपल्या इमारतींवरून काढलं. आधीच कलम असेल तर असा निर्णय कमी त्रासाचा होतो. देणगी स्वीकारण्याआधी पैसा कुठून आला हे तपासणारी एक छोटी समिती विद्यापीठात असेल, तर तिच्याकडून लेखी होकार घ्या.

"एखादी वस्तू विकून टाकू"

विद्यापीठाची तंगी आली की हा विचार येतो, आणि तो क्युरेटरला डावलून वरून येतो. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जानेवारी २००९ मध्ये आपलं रोझ आर्ट म्युझियम बंद करून संग्रह विकायचं ठरवलं. निषेध झाला, खटला झाला, २०११ मध्ये तडजोड होऊन संग्रहालय चालू राहिलं. 'आयकॉम'ची, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, आचारसंहिता सांगते की वस्तू काढून मिळालेला पैसा संग्रहाच्याच हितासाठी, सहसा नव्या वस्तू घेण्यासाठी वापरावा. त्या पैशाने पगार किंवा छत करायचं नाही. व्यवहार्य कारणही तेवढंच मोठं आहे. विक्रीची नुसती बातमी आली, तरी पुढे वस्तू देणारे हात आखडतात आणि उसनी दिलेली चित्रं परत मागितली जातात. हे टाळायचं तर तंगी येण्याआधीच, शांत वर्षात, विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडून ठराव करून घ्या की संग्रह ही विद्यापीठाची विकाऊ मालमत्ता धरली जाणार नाही आणि वस्तू काढण्याचा प्रस्ताव संग्रह समितीकडूनच येईल.

पैसे आल्यावर

४८ तासांत आभाराचा फोन, आठवड्यात पावती आणि सहीचं पत्र. सहा महिन्यांनी एक पानाचा अहवाल: काय झालं, काय राहिलं, का राहिलं, दोन फोटो. काम उशिरा होत असेल तर तो उशीर तुम्हीच आधी कळवा. वर्षाने खर्चाचा हिशेब. हे सगळं ज्या आठवड्यात देणगी आली, त्याच आठवड्यात दिनदर्शिकेत तारखा टाकून ठेवा, आणि त्या तारखा क्युरेटरच्या वैयक्तिक फोनमध्ये नकोत, संग्रहालयाच्या सामाईक दिनदर्शिकेत टाका. विद्यापीठात माणसं बदलतात. नवा क्युरेटर आला की जुन्या देणगीदाराला पहिलं पत्र त्याच तारखेला जायला हवं.